एकजुटीची किंमत

विद्यापीठात पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने ‘वंश, जात आणि राजकीय एकजूट’ असा विषय निवडला, की तिच्यावर दोन बाजूंनी एकाच वेळी हल्ला होतो. एका बाजूचे विद्वान म्हणतात, वंशभेद हा गोऱ्यांचा प्रश्न. आपल्याकडे जात आहे, वंश नाही. तेव्हा हा विषय म्हणजे अमेरिकेतून आणलेली उसनवारी होय. दुसऱ्या बाजूने आपलेच काही जुने साथी कुत्सितपणे विचारतात, की कष्टकऱ्यांची एकजूट वर्गाच्या पायावर उभी राहायची असताना ही अस्मितांची चिरफाड कशाला? कामगार आधीच विखुरलेला आहे, त्याला आणखी तुकड्यांत का वाटायचे?

दोन्ही आक्षेप घेणाऱ्यांचे परस्परांशी जमत नाही. पण या एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. दोघांनाही एकजूट ही आयती मिळणारी वस्तू वाटते. पहिल्याला वाटते, ती एका मातीत, एका रक्तात, एका धर्मात उपजतच असते. दुसऱ्याला वाटते, ती एका मालकाच्या हाताखाली राबल्याने आपोआप निर्माण होते. माझे म्हणणे असे, की दोघांचेही चुकते. एकजूट जन्माने मिळत नाही आणि कारखान्याच्या दारातून आत शिरल्यानेही मिळत नाही. तिची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत ज्याच्या पदरात अधिक आहे त्याने आधी मोजायची असते. हा हिशेब मांडल्याखेरीज एकजुटीवरचा प्रबंधही अपुरा राहील आणि पक्षाचा ठरावही पोकळ ठरेल.

उसनवारीचा आक्षेप

प्रथम उसनवारीच्या आक्षेपाचा समाचार घेऊ. ज्यांना ही तुलना कालपरवाची वाटते, त्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास नीट वाचलेला नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा तो ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्यी झटलेल्या लोकांना अर्पण केला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या एका माळी समाजातील शिक्षकाला सातासमुद्रापलीकडच्या त्या लढ्यात आपल्या शूद्रातिशूद्रांचा प्रश्न दिसला. ही तुलना शिकवायला त्यांच्याकडे कोणी परदेशी प्राध्यापक आला नव्हता.

पुढे १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. म्हणजे जिच्याविषयी आपण बोलत आहोत त्या विद्यार्थिनीच्याच भूमिकेत ते होते: परदेशात पदव्युत्तर अभ्यास करणारा, समाजातील उतरंडीचे मूळ शोधणारा विद्यार्थी. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवरचा निबंध वाचला. त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात शोधले आणि युरोपीय अभ्यासक वर्णाच्या, म्हणजे कातडीच्या रंगाच्या, मुद्द्याला अवाजवी महत्त्व देतात, असे स्पष्ट बजावले. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात तर त्यांनी आणखी ठाम शब्दांत मांडले, की पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार वंशाने एकच आहेत, आणि मद्रासचा ब्राह्मण व मद्रासचा परया हेही एकाच वंशाचे आहेत. जात ही वंशाची विभागणी नव्हे.

यावर आक्षेपक टाळी वाजवतील आणि म्हणतील, पाहा, बाबासाहेबही आमच्याच बाजूचे. थोडे थांबावे. याच आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती यांत मोठे साम्य असल्याचे त्यांनी त्यात नमूद केले आणि कृष्णवर्णीयांच्या परिषदेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. कारण अस्पृश्यांनीही तोच मार्ग अनुसरावा असा त्यांचा विचार होता. डु बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेर सहानुभूतीचे उत्तर पाठवले. जात आणि वंश एक नव्हेत हे तीस वर्षे सांगणारा माणूस वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्याशी हातमिळवणी करू पाहतो, यात विसंगती नाही. दोन रोग निराळे असले तरी दोन रोग्यांना एकमेकांकडून औषधोपचाराविषयी शिकता येते. तुलना ही एकरूपतेचा दाखला नसते. ती लढ्यातील देवाणघेवाण असते.

ज्या १९४६ साली हे पत्र गेले, त्याच साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. दुसऱ्या देशाच्या घरातील वंशभेदाची तक्रार जगापुढे मांडणे तेव्हा आपल्याला गैर वाटले नाही. १९६५ मध्ये वंशभेद-निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार तयार झाला. त्यात वंश आणि वर्ण यांच्या जोडीला ‘कुळपरंपरा’ या अर्थाचा शब्द घातला गेला, तोही भारताच्या सूचनेवरून. परंतु २००१ मध्ये दरबान येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली आणि दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तेथे मांडायचे ठरवले, तेव्हा भारत सरकारने तो आमचा अंतर्गत मामला आहे आणि जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेतली. आंद्रे बेते यांच्यासारख्या मान्यवर समाजशास्त्रज्ञानेही जातीला वंश म्हणणे शास्त्राला धरून नाही, अशी टीका केली. शास्त्र म्हणून ते खरेही असेल. पण दरबानला गेलेले कार्यकर्ते कवट्यांची मापे घ्यायला गेले नव्हते. जन्माच्या आधारे माणसाला पाणी, घर, रोजगार आणि प्रतिष्ठा नाकारली जाते, याची दाद मागायला ते गेले होते. दाराशी आलेल्या फिर्यादीला व्याकरणाचा दोष दाखवून परत पाठवणे हा न्याय नव्हे.

समाजवाद्यांना तर या बाबतीत अनभिज्ञ राहण्याची मुळीच मुभा नाही. १९६४ च्या मे महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी गेले. धोतर नेसलेल्या या सावळ्या पाहुण्याला एका उपाहारगृहाने प्रवेश नाकारला. लोहिया दुसऱ्या दिवशी, आगाऊ कळवून, पुन्हा त्याच दारात गेले आणि अटक करून घेतली. परदेशी पाहुणे म्हणून त्यांना सन्मानाचे शंभर दरवाजे उघडे होते. त्यांनी तो मान बाजूला ठेवला आणि स्थानिक कृष्णवर्णीय माणूस ज्या उंबऱ्यावर रोज अडवला जात होता, त्या उंबऱ्यावर जाऊन ते उभे राहिले. किंमत लहान असेल. पण ती त्यांनी स्वतः मोजली.

वर्ग आपोआप जोडतो काय?

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. तो आपल्या घरातला आहे, म्हणून त्याची अधिक कठोर तपासणी करणे भाग आहे.

१९२८ चा मुंबईच्या गिरण्यांतील सार्वत्रिक संप कामगार चळवळीच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जातो. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत लढले. हे सारे एका वर्गाचे, एका मालकवर्गाविरुद्ध उभे ठाकलेले लोक. पण त्याच गिरण्यांत विणाई खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. कारण काय, तर धागा तुटला की धोट्याच्या छिद्रातून तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या तोंडचा धोटा हाती धरायला सवर्ण विणकर तयार नसत. मजुरी अधिक होती ती विणाई खात्यात. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, की सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी केल्याशिवाय आम्ही तुमच्या संपात मनापासून कसे यावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी यादीत घातली. तेव्हा गिरणीमालकांनी सांगितले, की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे! मालकांचे हे उत्तर कावेबाज होते; पण ते खोटे ठरवण्याची सोय पुढाऱ्यांपाशी नव्हती.

अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मी या प्रसंगाकडे निराळ्या नजरेने पाहतो. विटाळाची भाषा धर्माची होती, पण तिचा परिणाम मजुरीवर होत होता. श्रमाच्या बाजारात एका दाराला कुलूप घातले की आतल्यांची मजुरी टिकून राहते आणि बाहेर अडवलेल्यांची गर्दी दुसऱ्या खात्यांत होऊन त्यांची मजुरी घसरते. सवर्ण विणकरही शोषितच होता, यात शंका नाही. तथापि शोषितांमध्येही एकाच्या खिशात दुसऱ्याच्या वाट्याचे चार पैसे असू शकतात. ते चार पैसे परत करण्याची तयारी हीच एकजुटीची किंमत. १९२८ मध्ये ती मनापासून मोजली गेली नाही, आणि लाल बावटा व अस्पृश्य कामगार यांच्यामधील अविश्वासाला खतपाणी मिळाले.

ही किंमत मोजली की काय घडते, याचाही पुरावा आहे. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने खोतीविरुद्ध कोकणातील कुळांना संघटित केले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. त्यांत कुणबीही होते आणि महारही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून लढले. ही एकजूट आकाशातून पडली नव्हती. प्रत्येक बाजूला दुसऱ्याचा प्रश्न आपल्या मागण्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर घ्यावा लागला होता.

वर्ग आणि वंश यांचा संबंध शास्त्रीय रीतीने मांडणारा एक ग्रंथ आपल्या अभ्यासवर्गांत वाचला गेला पाहिजे. त्रिनिदादमध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ऑलिव्हर कॉक्स यांचे ‘कास्ट, क्लास अँड रेस’ हे पुस्तक १९४८ मध्ये निघाले. भांडवलशाहीला स्वस्त आणि दबलेले श्रम हवे असतात, त्या गरजेतून आधुनिक वंशद्वेष वाढला, हे कॉक्स यांनी दाखवले. हा भाग आपल्याला मोलाचा आहे. मात्र हिंदू समाजातील जातिव्यवस्था खालच्या जातींनी मान्य केलेली, संघर्षाविना चालणारी व्यवस्था आहे, असे त्यांनी गृहीत धरले, आणि तेथे त्यांचा पाय घसरला. त्यांच्या पुस्तकाच्या ७५ वर्षे आधी फुल्यांची ‘गुलामगिरी’ निघाली होती. महाडचा सत्याग्रह होऊनही २१ वर्षे लोटली होती. एवढा मोठा विद्वान फसला, कारण त्याच्यापर्यंत पीडितांचे म्हणणे पोहोचले नाही. पोहोचले ते वरच्यांनी केलेले वर्णन. वंश आणि जात यांचा तौलनिक अभ्यास नको म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की तुलना थांबवल्याने चुका थांबत नाहीत. त्या फक्त दुरुस्त होत नाहीत.

तुलनेचा प्रत्यक्ष उपयोग पाहायचा असेल तर आणखी एक उदाहरण देतो. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागो येथील नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखीच ठेवून काहींवर गोऱ्यांची नावे घातली, काहींवर कृष्णवर्णीयांची. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गोऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी ५० टक्क्यांनी अधिक आली. हीच पद्धत सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतात वापरली. २००७ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की तीच पदवी असताना सवर्ण हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. आमची कंपनी केवळ गुणवत्ता पाहते, ही खाजगी मालकांची मिजास या संशोधनाने उघडी पाडली. अशी उसनवारी आणखी शंभर वेळा व्हावी!

घाटकोपर आणि मुलुंड

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. कारण या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कला वा दरबानला मिळणार नाही. ते पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला शोधावे लागेल.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापलेले लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबारास जबाबदार धरलेल्या पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाने ती स्थगित करून त्याला जामीन दिला. हे सर्व आपण जाणतो. परंतु या घटनेचा एक भाग डाव्या आणि समाजवादी वर्तुळांत हलक्या आवाजात बोलला जातो. चारच दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या वस्तीतील आपल्या घरात स्वतःचे जीवन संपवले. घोगरे हे लाल झेंड्याचे शाहीर होते. झोपडपट्टीवासीयांच्या दुःखाचे त्यांचे गाणे आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात साऱ्या देशाने ऐकले. ज्या क्रांतिकारी कलापथकासाठी ते गायले, त्या पथकातून पुढे त्यांना काढण्यात आले होते. अखेरच्या क्षणी त्यांच्या डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती.

एका माणसाच्या मृत्यूचे कारण दुसऱ्याने छातीठोकपणे सांगू नये. पण लाल शाहिराच्या कपाळावरची ती निळी पट्टी चळवळीला एक प्रश्न विचारते, आणि त्याला बगल देता येणार नाही. दलित कार्यकर्ता आपल्याकडे आला, की त्याने जात बाहेर ठेवून यावे, अशी अपेक्षा असते. सवर्ण कार्यकर्त्याला मात्र काहीच बाहेर ठेवावे लागत नाही. त्याचे आडनाव, त्याची भाषा, त्याच्या घरातील विवाह, सारे काही त्याच्यासोबत आत येते आणि तेच ‘सर्वसामान्य’ समजले जाते. म्हणजे एकजुटीची किंमत एकानेच मोजायची आणि तिच्यावर सही दोघांनी करायची. असा करार टिकत नाही.

याच्या उलट उदाहरणे आपल्याच परंपरेत आहेत. बाबा आढाव यांनी १९७२ च्या सुमारास ‘एक गाव, एक पाणवठा’ मोहीम काढली, तेव्हा गावच्या सवर्णाला आपल्या विहिरीवरचा एकाधिकार सोडायला सांगितले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्यानंतरच्या सोळा वर्षांत नामांतराच्या बाजूने उभे राहिलेले सवर्ण समाजवादी तरुण तुरुंगात गेले आणि आपल्याच गावात, आपल्याच जातीत एकटे पडले. चळवळीची पत त्यांनी राखली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून नाव घेतले. १९७३ च्या जाहीरनाम्यात मात्र ‘दलित’ या शब्दाची व्याप्ती कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांच्यापर्यंत नेली. दलितांनी आपले घर सर्व शोषितांना खुले केले होते. त्या घरात शिरायला बाकीचे किती जण तयार झाले, हा प्रश्न पँथरला विचारण्याऐवजी आपण स्वतःला विचारला पाहिजे. पँथर १९७४ मध्ये दुभंगली, याची चर्चा आपल्याकडे फार चवीने होते. तिच्या हाकेला मिळालेल्या थंड प्रतिसादाची होत नाही.

स्वस्त एकजूट

एकजुटीची दुसरीही एक जात आहे. ती स्वस्त असते आणि म्हणून बाजारात लवकर खपते. तिची किंमत नेहमी तिसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि मराठी तरुणाच्या बेकारीचे खापर दाक्षिणात्य कारकुनाच्या माथी फोडण्यात आले. मेरी कॅटझेनस्टाईन या अमेरिकन संशोधिकेने १९७९ च्या आपल्या ग्रंथात या भूमिपुत्रांच्या राजकारणाचा साक्षेपी अभ्यास केला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो वाचावा. मराठी माणूस एक झाला खरा. पण गिरणीमालक, बिल्डर आणि कंत्राटदार यांच्या हिताला त्या एकीने ओरखडाही उमटला नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे भांडुप-मुलुंडचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले आणि त्या जागांवर मनोरे उभे राहिले.

त्या मनोऱ्यांच्या दारात काय चालते? सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत एका मराठी महिलेला, ती मराठी असल्याचे सांगून, कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली. साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली, आणि ती रास्तच होती. पण संताप व्यक्त करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या सोसायटीत मुसलमान भाडेकरू येऊ दिला असता? आडनाव विचारून, ‘तुमच्यात काय खातात’ असे आडून विचारून, बौद्ध कुटुंबाला वाटेला लावताना हाच मराठी माणूस गुजराती शेजाऱ्याच्या शेजारी गुपचूप उभा असतो. आपल्याला नाकारले तर अन्याय आणि आपण नाकारले तर सोसायटीची शिस्त, हा न्याय कोणता?

सहकाराच्या बाबतीत हे अधिकच दुःखद आहे. सहकारी संस्था ही समाजवादी विचाराने जोपासलेली संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्ये खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे. पुरेशा कारणाविना पात्र व्यक्तीला सभासदत्व नाकारता येत नाही. पण अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये निर्णय दिला, की सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारी उपविधी संस्थेला करता येते. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घर विकताना वा भाड्याने देताना वंश, वर्ण वा धर्म पाहण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी अपुरी आहे, हे तेथील कृष्णवर्णीयच सांगतात. तरीही दाद मागण्यासाठी त्यांच्या हाती कायदा तरी आहे. खाजगी घरमालकाच्या अशा भेदभावाला आवर घालणारा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे अद्याप नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल नगरपालिकेने जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. घाटकोपरहून सिएटलला गेलेल्या दलित अभियंत्याला तेथे जे संरक्षण आहे, ते घाटकोपरला परत आल्यावर घर शोधताना त्याला मिळत नाही!

संशोधकांना आणि कार्यकर्त्यांना

येथवर मी संशोधनाची बाजू घेतली. पण संशोधकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. वस्तीत जाऊन मुलाखती घ्यायच्या, दुःख टिपून न्यायचे, प्रबंधाला पदवी मिळाली की वस्तीचे नाव परिशिष्टात उरायचे, हा प्रकार कच्चा माल नेऊन पक्का माल परदेशात विकण्याच्या वसाहती व्यापारापेक्षा फार निराळा नाही. या वृत्तीला उत्तर म्हणून गेल ऑमव्हेट यांचे जीवन समोर ठेवावे. मिनियापोलिसमध्ये जन्मलेली, बर्कलेची ही विद्यार्थिनी ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करायला महाराष्ट्रात आली. १९७३ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली आणि १९७६ मध्ये तिचा प्रबंध मुंबईतच ग्रंथरूपाने निघाला. आपल्या विद्यापीठांनी सत्यशोधक समाजाकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते, त्या काळात तिने तो जगाच्या अभ्यासक्रमात नेला. आणि मग ती परत गेली नाही. सांगली जिल्ह्यातील कासेगाव तिने आपले मानले, १९८३ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले, परित्यक्ता स्त्रियांच्या आणि दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांच्या लढ्यांत ती उतरली, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच तिचे निधन झाले. तिची काही मते, विशेषतः खुल्या बाजारपेठेविषयीची, आपल्याला मान्य होण्यासारखी नाहीत. पण अमेरिकन नागरिकत्व आणि गोऱ्या कातडीची प्रतिष्ठा यांचा लाभ सोडून ती येथे राहिली. प्रत्येक संशोधकाने गावी जाऊन राहावे, असा आग्रह नाही. प्रबंधाची एक प्रत मराठीत त्या वस्तीच्या वाचनालयात पोहोचावी, एवढी किमान अपेक्षा तरी ठेवायला हरकत नसावी.

आणि कार्यकर्त्यांनी काय करावे? मुंबईतील कचरा वाहतूक श्रमिक संघाकडे पाहावे. महापालिकेचा कचरा उचलणारे हे कंत्राटी कामगार बहुसंख्येने दलित आहेत. हे काम याच माणसांच्या वाट्याला का आले, याचे उत्तर जातीत आहे. त्यांना कायम कामगाराचे वेतन का मिळाले नाही, याचे उत्तर कंत्राटी पद्धतीत, म्हणजे वर्गात आहे. संघाने दोन्ही प्रश्न एकत्र हाती धरले, वर्षानुवर्षे न्यायालयात आणि रस्त्यावर लढा दिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. जात आधी की वर्ग आधी, हा वाद त्यांनी सोडवत बसला नाही. घमेले उचलणाऱ्याच्या खांद्यावर दोन्हींचे ओझे एकदमच असते.

म्हणून अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या आपल्या शाखांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, आपापल्या विभागातील गृहनिर्माण संस्थांत कोणाला घर नाकारले जाते, याची विद्यार्थ्यांच्या मदतीने शास्त्रशुद्ध पाहणी करावी. थोरात-ॲटवेल यांची पद्धत त्यासाठी तयार आहे. दुसरे, त्या पाहणीच्या आधारे गृहभेदभाव-विरोधी कायद्याची मागणी लावून धरावी, आणि ती केवळ मराठी माणसासाठी नव्हे, तर दलित, मुसलमान, उत्तर भारतीय, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, अशा प्रत्येकासाठी करावी. तिसरे काम सर्वांत अवघड आहे. प्रत्येक सवर्ण कार्यकर्त्याने आपल्या स्वतःच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत उभे राहून हा प्रश्न मांडावा. तेथे टाळ्या पडणार नाहीत. शेजारी बोलेनासे होतील, जिन्यात भेटलेला चिटणीस तोंड फिरवील, घरचेही म्हणतील की नसती उठाठेव कशाला. मोर्चात घोषणा देणे त्या मानाने सोपे आहे. कारण तेथे आपल्याभोवती आपलेच लोक असतात.

एकजुटीची किंमत ती हीच. ती भरायची तयारी नसेल, तर निदान रमाबाई नगरच्या स्मारकावर दरवर्षी फुले वाहताना ‘आम्ही तुमचेच आहोत’ असे म्हणू नये.